समुद्र न पाहिलेल्या लेकराला समुद्राचं प्रदूषण कसं सांगायचं?

लातूरच्या एका ताईंनी विचारलंय: मुलगा पहिलीत आहे, शाळेनं ‘समुद्राचे प्रदूषण’ असा प्रकल्प दिलाय, त्यानं समुद्र कधी पाहिलेला नाही. चार्टपेपरवर कासवाचं चित्र चिकटवून त्याला काय कळणार?

काहीच नाही कळणार, ताई. मी गोदाकाठच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत २६ वर्षं पहिली-दुसरी शिकवली. आमच्याही लेकरांनी समुद्र पाहिलेला नसायचा. मी स्वतः पाहिला तो नोकरीला लागल्यावर, शाळेची सहल घेऊन गेले तेव्हा!

समुद्रापासून सुरुवात करूच नका, मोरीपासून करा. २०१६ साली तुमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पाणी कुठून येतं हे तुमच्याकडं घरोघर पाठ आहे. वापरलेलं पाणी जातं कुठं, ते कुणी विचारत नाही. मुलाला तेच विचारा. मोरीतून नालीत, नालीतून ओढ्यात, ओढ्यातून मांजरेत. आणि तिथून? बहुतेक मोठी माणसंसुद्धा ‘मुंबईच्या समुद्रात’ म्हणतात. आपलं पाणी तिकडं जातच नाही. मांजरा बालाघाटात पाटोद्याकडं उगम पावते, लातूरजवळून पुढं कर्नाटकात, मग तेलंगणात जाऊन कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला. गोदावरीची गंमत लेकरांना फार आवडते: त्र्यंबकेश्वरहून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर, पण ही बाई त्याच्याकडं पाठ करून १४६५ किलोमीटर उलट्या दिशेनं चालत जाते. फरशीवर खडूनं नद्या काढा, लातूरजवळ भुईमुगाचं टरफल ठेवा आणि मुलाला ते बोटानं ढकलत समुद्रापर्यंत न्यायला सांगा. दोनदा-तीनदा खेळला की रस्ता पाठ होतो.

एक मात्र खरं सांगा. नालीत टाकलेली प्रत्येक पिशवी समुद्रात पोचत नाही, बरीचशी वाटेतच अडकते. आमच्याकडं पूर ओसरला की काठच्या बाभळींवर कॅरीबॅगा लटकलेल्या असायच्या, सगळ्या एकाच उंचीवर. पाणी कुठवर चढलं होतं ते लेकरं त्यावरून सांगायची. ज्या अडकल्या नाहीत त्या पुढं गेल्या, एवढं म्हटलं की त्यांना पुरतं.

आता प्लास्टिक ‘कुजत नाही’ म्हणजे काय. हे सांगून पटत नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीला नाहीतर डिशच्या तारेला बांधलेली एखादी जुनी पिशवी सापडेलच. आपल्या उन्हात एक-दोन उन्हाळे काढलेली. ती मुलाच्या हातात द्या आणि चुरगाळायला सांगा. कडकड आवाज होऊन तिचा पापडासारखा चुरा होतो, तळहाताला चिकटतो, फुंकर मारली तर उडतो. मग विचारा, ‘पिशवी संपली का?’ आमच्या वर्गात एक पोरगा म्हणाला होता, ‘संपली नाही बाई, लय झाल्या.’ मायक्रोप्लास्टिक हा शब्द मी त्या वर्गात कधी वापरलाच नाही, गरजच पडली नाही.

कासवाचं काय करायचं? बसस्टँडमागं उकिरड्यावर उष्ट्यासकट कॅरीबॅग गिळणारी गाय त्यानं नक्की पाहिली असेल. तिच्यापासून कासवापर्यंत यायला एकच वाक्य लागतं. समुद्रात जेलीफिश नावाचा पारदर्शक, छत्रीसारखा जीव तरंगतो, कासव तो खातं, आणि पाण्यात तरंगणारी पिशवी त्याला तशीच दिसते. गोदावरीच्या मुखाशी होप आयलंड नावाचं बेट आहे, तिथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालायला येतात. म्हणजे आपल्याच नदीच्या शेवटी येणारी कासवं!

मोबाईलवरचे रक्तबंबाळ कासवांचे व्हिडिओ मात्र दाखवू नका. मी एकदा दाखवला आणि पस्तावले. दुसऱ्या दिवशी दुसरीतल्या एका मुलीची आजी शाळेत हजर. आजी निर्माल्य कॅरीबॅगेत बांधून तसंच गंगेत सोडायची (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो). नातीनं घाटावर चारचौघांत ओरडून सांगितलं, ‘तू कासवं मारायलीस.’ आजी मला म्हणाली, ‘बाई, लेकराला शिकवा, पण मला कामून खुनी करायल्या?’ मला उत्तर सुचेना. चहा दिला, शेजारी बसवलं, आणि गच्चीवरची ती पिशवी तिच्याही हातात चुरगाळायला दिली. त्यानंतर ती निर्माल्य टोपलीतून न्यायला लागली. पण लेकराला घरातला फौजदार करायचं नाही, हे मी तेव्हापासून पाळलं.

समुद्रात तेल सांडलं की काय होतं, ते दाखवायला परात घ्या. पाणी, त्यात दोन चमचे गोडं तेल आणि चिमूटभर हळद, म्हणजे तवंग दिसेल. कोंबडीचं पीस बुडवून काढा आणि मुलाला ते नुसत्या पाण्यानं धुवायला सांगा. दहा मिनिटं झगडेल, पीस काही फुलत नाही. पाखरू उडणार कसं, हे मग तोच सांगेल. हे सगळं झालं की चार्टपेपरवर त्याला हवं ते काढू द्या, कासव बेडकासारखं दिसलं तरी चालेल.

परात मात्र मोरीत रिकामी करू नका, तो तिथंच उभा असेल आणि ‘आई, हे कुठं जाणार?’ म्हणून विचारेल. तेल जुन्या वर्तमानपत्रानं टिपून कागद कचऱ्यात टाका.