माझा घटस्फोट झालाय की नाही, हे मला कोण सांगणार?

हा प्रश्न विचारणारी बाई माझ्याकडे दर एक-दोन महिन्यांनी येतेच. वकिलाकडे जायला लाजतात, भावाला विचारलं तर "आता कशाला उकरून काढतेस" म्हणतो, मग समुपदेशनाला येतात आणि अर्धा तास दुसरंच काहीतरी बोलून उठता उठता हे विचारतात. म्हणून एका ताईंची गोष्ट सांगते, त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ताईंचं माहेर सातारा जिल्ह्यातलं, लग्न २००३ ला बारामतीकडे सासरच्या दारात झालं, संसार हडपसरला. नवरा कंपनीत. २०१० ला मारहाण सहन होईना म्हणून पाच वर्षांची पोरगी घेऊन माहेरी आल्या त्या परत गेल्या नाहीत. २०१२ ला नणंदेचा फोन आला, "दादानं तुला घटस्फोट दिलाय, आता नाव लावू नको त्याचं." एवढंच. त्याच वर्षी त्याने दुसरं लग्न केल्याचं कळलं. तेव्हापासून ताई सगळीकडे स्वतःला घटस्फोटित सांगत आल्या. पोरीच्या शाळेत, रेशनच्या फॉर्मवर, भिशीच्या बायकांत. कागद एकही पाहिलेला नाही.

२०२५ च्या शेवटी लाडकी बहीणच्या केवायसीची धावपळ चालली होती तेव्हा त्या आल्या. पतीचा नाहीतर वडिलांचा आधार मागत होते, वडील वारलेले, आणि घटस्फोट झालेल्यांनी कोर्टाच्या आदेशाची झेरॉक्स अंगणवाडी सेविकेकडे द्यायची होती. ताई हातातली पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या, म्हणाल्या, "मॅडम, झालाय का न्हाई तेच मला म्हाईत न्हाई. कागद कुठं मिळतो ह्याचा? ग्रामपंचायतीत?"

इथंच बहुतेकींची गल्लत होते आणि त्यात त्यांची काही चूक नाही. जन्म, मृत्यू, लग्न या सगळ्याची नोंद ग्रामपंचायत नाहीतर नगरपालिकेत असते, मग घटस्फोटाचीही असेल असं वाटणारच. पण आपल्याकडे घटस्फोटाचं असं रजिस्टर कुठल्याच ऑफिसात नसतं. ज्या कोर्टाने दिला त्या कोर्टातच त्याचा कागद, दुसरीकडे कुठेच नाही. आणि शंभरच्या स्टॅम्पवर नोटरी करून दिलेली सोडचिठ्ठी म्हणजे कोर्टाचा घटस्फोट नव्हे, हे मी प्रत्येकीला आधी सांगते. काही समाजांत रूढीने सोडचिठ्ठी होते आणि हिंदू विवाह कायद्यात तिला जागाही आहे, पण ती रूढी खरंच आहे हे उद्या कोर्टात सिद्ध करावं लागतं.

मग कोर्ट शोधायचं कसं? मी ताईंना चार गोष्टी विचारल्या, लग्न कुठं लागलं, शेवटचं एकत्र कुठं राहिलात, तो तेव्हा कुठं होता, तुम्ही कुठं होतात. कारण नवऱ्याने केस टाकली असेल तर कायद्याने ती साधारण याच ठिकाणच्या कोर्टात टाकता येते, म्हणजे लग्न जिथं झालं तिथं, दोघं शेवटी जिथं राहिले तिथं, किंवा जिच्यावर केस आहे ती जिथं राहते तिथं. (बायको केस टाकणार असेल तर २००३ पासून तिला स्वतःच्या राहत्या ठिकाणीही टाकता येते.) म्हणजे आमच्याकडे तीनच जागा उरल्या, बारामती, पुण्याचं फॅमिली कोर्ट आणि आपला सातारा जिल्हा. आख्खा महाराष्ट्र पालथा घालायची गरज नव्हती. हे ऐकल्यावर ताईंचा जीव जरा खाली बसला, मी बघत होते, पिशवीवरची पकड सैल झाली.

मग विचारलं, तेव्हा घरी काही पाकीट वगैरे आलं होतं का? बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "पोस्टमन आला हुता एकदा. आण्णांनी घेतलं न्हाई, परत धाडलं. म्हणले, सही केली की फसवत्यात."

हे किती घरांत घडलेलं आहे म्हणून सांगू. पाकीट घेतलं नाही की केस पुढं जात नाही अशी पक्की समजूत आहे, आणि ती फार महागात पडते. घ्यायला नकार दिला तरी नोटीस बजावली असंच कोर्ट धरतं, केस चालते आणि मग एकतर्फी निकाल लागू शकतो. आण्णांनी लेकीच्या काळजीपोटीच केलं ते, त्यांना दोष नाही देत मी. पण तुमच्या घरी असं पाकीट आलं तर घ्या, उघडा, वाचा.

त्या दिवशी तिथेच मोबाइलवर ई-कोर्ट्सचं ॲप उघडलं. त्यात पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकून शोधता येतं, चालू आणि निकाली दोन्ही. ऐकायला सोपं आहे पण खरी मेहनत नावाच्या स्पेलिंगची आहे. ताईंच्या नावात मध्ये व आहे, तो डब्ल्यूने टाकला, काही नाही. माहेरचं आडनाव लावून बघितलं, काही नाही. २०१०, २०११, २०१२ तिन्ही वर्षं झाली. शेवटी त्यांचं राहू दिलं आणि नवऱ्याचं नाव टाकलं तर २०११ ची एक केस आली, त्यात समोर ताईंचं नाव, सासरचं आडनाव आणि व साठी व्ही. अजून एक, फॅमिली कोर्टं तिथल्या यादीत बऱ्याचदा जिल्ह्याखाली नसतात, वेगळी असतात, त्यामुळे पुणे जिल्हा निवडून मिळालं नाही म्हणजे नाहीच असं समजू नका. आणि काही वेळा या केसमध्ये नावंच दाखवत नाहीत, जुन्या केस तर चढवलेल्याच नसतात, तेव्हा कोर्टात जाऊन अर्ज करून रजिस्टरमध्ये शोधायला सांगावं लागतं.

स्क्रीनवर इंग्रजीत लिहिलं होतं, केस डिस्पोज्ड, २०१२. ताईंची भाची सोबत होती, ती लगेच म्हणाली, झालं की मग आत्या, निकाल लागलाय. ताईंनी डोळे मिटून घेतले.

मी त्यांना थांबवलं. डिस्पोज्ड म्हणजे केस निकाली निघाली, बास. घटस्फोट मंजूर झाला की फेटाळला की काढून घेतला की अजून काही, ते या एका शब्दात नसतं. ते आदेशात असतं. आदेश वाचल्याशिवाय मी कुणालाच तुमचा घटस्फोट झालाय असं म्हणत नाही, आणि तुम्हीही कुणाचं ऐकू नका, नणंदेचं नको, ओळखीच्या वकिलाचं फोनवरचं नको, माझंही नको.

भाचीने विचारलं, माहितीचा अधिकार टाकू का. तो इथं चालत नाही, कोर्टाच्या नकला, म्हणजे शिक्क्याच्या प्रती, कोर्टाच्या नियमानेच घ्यायच्या असं सुप्रीम कोर्टाने २०२० ला सांगितलंय. आणि गरजही नाही, ताई त्या केसमध्ये पक्षकार आहेत, त्यांचा हक्कच आहे. परक्या माणसाला कारण सांगावं लागतं, प्रतिज्ञापत्र लागतं, परवानगी लागते, कारण नवराबायकोच्या केस बंद दाराआड चालतात. घटस्फोट मंजूर झाला असेल तर हुकूमनाम्याची (डिक्रीची, म्हणजे घटस्फोटाच्या आदेशाची) एक प्रत दोघांनाही फुकट द्यावी असं हिंदू विवाह कायद्यात कलम २३ मध्ये आहे, पण जी कोर्टात गेलीच नाही तिला कोण आणून देणार. वर्षं उलटल्यावर नक्कलच काढावी लागते.

पुण्याला आम्ही दोघी एसटीने गेलो, अर्ध्या तिकिटात, स्वारगेट आणि तिथून शिवाजीनगर. खरं तर मी प्रत्येकीसोबत जात नाही. पण ताईंनी विचारलं होतं, "त्यो तिथं असंल का?" तेरा वर्षांपूर्वीची केस, तो कशाला असेल, हे त्यांनाही कळत होतं. तरी पायरीपाशी आल्यावर त्यांचे हात गार पडले होते. या भीतीला कुणी वेडेपणा म्हणू नये. ज्या माणसाने मारलंय त्याचं नाव आणि आपलं नाव एका कागदावर बघायला जायचं असतं.

नकलेच्या अर्जात केस नंबर, दोघांची नावं, निकालाची तारीख आणि नेमकं काय हवंय ते लिहायचं. आम्ही दोन गोष्टी लिहिल्या, शेवटचा आदेश आणि रोजनामा. रोजनामा आठवणीने मागा, तो फार कमी जण मागतात. प्रत्येक तारखेला काय झालं ते त्यात ओळीओळीने असतं. कोर्ट फी स्टॅम्प लावला, आधारची झेरॉक्स जोडली, पावती घेतली. फाइल जुनी म्हणून रेकॉर्ड रूममधून मागवावी लागली, त्यामुळे त्या दिवशी काही मिळालं नाही, आणखी एक फेरी झाली.

दुसऱ्या फेरीत कागद हातात आला. मागे गोल शिक्का आणि तीन तारखा, अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. बाहेर बाकावर बसून मी ताईंना रोजनामा वाचून दाखवला. अर्जदार (म्हणजे नवरा) हजर, जाबदार (म्हणजे ताई) गैरहजर. नोटीस न स्वीकारता परत. मग अर्जदार गैरहजर. पुढच्या तारखेला अर्जदार व वकील गैरहजर. परत तेच. शेवटची ओळ, पुकारा केला असता अर्जदार गैरहजर, सबब अर्ज काढून टाकण्यात येतो.

म्हणजे त्याने केस टाकली आणि नंतर स्वतःच आला नाही. या केसमध्ये घटस्फोट झालेलाच नव्हता.

ताई किती वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे मी तेरा वर्षं खोटं लिहीत आले?" मी म्हटलं, ताई, खोटं तुम्हाला सांगितलं गेलं, तुम्ही फक्त विश्वास ठेवलात. हे त्यांना मी त्यानंतरही दोन-तीन बैठकांत सांगत राहिले, एकदा सांगून ते आत उतरत नाही.

परत आल्यावर आम्ही बारामती आणि सातारा दोन्हीकडे बघून घेतलं, त्याने पुन्हा दुसरीकडे केस टाकली नव्हती ना. कुठेच नव्हती. मग त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवलं, तिथं बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही, १५१०० या नंबरवर फोन केला तरी सांगतात. त्या वकील मॅडमनी समजावलं की कायद्याने त्या अजून पत्नी आहेत, म्हणजे पोटगी मागता येते, त्याचं दुसरं लग्न कायद्याला धरून नाही, आणि ताईंना हवं असेल तर त्या स्वतः घटस्फोट मागू शकतात, दोन वर्षांवर सोडून राहिलाय, दुसरा संसार मांडलाय, एवढी कारणं आहेत.

(आदेशात खरोखरच एकतर्फी घटस्फोट निघाला असता तर? तर तो रद्द करून मागता येतो, पण नोटीस नीट बजावली नसेल तर कळल्यापासून तीसच दिवसांची मुदत आहे. म्हणून कागद हातात आला की घरी ठेवू नका, त्याच आठवड्यात वकील गाठा. आणि घटस्फोट झालेल्या, पुन्हा लग्न न केलेल्या बाईलाही पोटगी मागता येतेच.)

केवायसीचं काम मागे पडलं होतं, फॉर्मवर काय लिहायचं ते अंगणवाडीच्या ताईंशी बोलून ठरवलं, आता त्या स्वतःला परित्यक्ता लिहितात. तो शब्द त्यांना आवडत नाही. मलाही नाही.

मागच्या मंगळवारी आल्या तेव्हा पिशवीत प्लास्टिकची फाइल होती, नकलेच्या चार झेरॉक्स काढलेल्या. घटस्फोटाचा अर्ज त्या स्वतः टाकणार आहेत, साताऱ्यातच. उठताना त्यांनी विचारलं, "ह्या बारीला अर्जदार म्हणून वर माझंच नाव येणार ना?"

मी हो म्हटलं. मग त्यांनी ते व्ही घालून कसं लिहायचं ते माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं.