वनस्पतींतील ऑक्सिडीकारक विकरे: सुरुवात वांग्यापासून करा
विकरे (एन्झाइम) म्हणजे पेशीतील रासायनिक क्रियांना वेग देणारी प्रथिने. पेरॉक्सिडेज, कॅटालेज, लॅकेज ही त्यांची सगळी यादी एकदम हाती घेण्याऐवजी तुम्ही आधी पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे एकच विकर नीट समजून घ्या. चिरलेल्या वांग्याच्या फोडी काळ्या पडतात त्या कुजल्यामुळे नव्हे. हे विकर पेशीतील लवकांत (हरितलवकासारख्या छोट्या घटकांत) आणि फिनॉल संयुगे रिक्तिकेत (पेशीतील रसाच्या पिशवीत) वेगवेगळी असतात, आणि सुरीने ही विभागणी मोडताच हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने फिनॉलांपासून क्विनोन व पुढे तपकिरी रंगद्रव्ये तयार होतात. किडीने पान कुरतडले तरी हेच घडते आणि क्विनोन प्रथिनांना चिकटून ती पचण्यास अवघड करतात, हे मला यातले सर्वांत सुंदर वाटते.

नवशिक्यांच्या दोन चुका नेहमी आढळतात:
- तुलनेसाठी साधी फोड न ठेवणे. एक तशीच, एक लिंबाच्या रसात आणि एक उकळत्या पाण्यातून काढलेली, अशा तिन्ही शेजारी ठेवा.
- उष्णता व लिंबू यांचे काम एकच समजणे. उकळल्याने विकराची रचनाच मोडते. लिंबाचे आम्ल त्याचा वेग मंदावते, तर क जीवनसत्त्व क्विनोनांना पुन्हा फिनॉल करते.

मग बटाट्याच्या चकतीवर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाका. उठणारा फेस कॅटालेजने मोकळ्या केलेल्या ऑक्सिजनचा असतो. पेरॉक्सिडेज आणि लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारे द्रव्य) त्यानंतर घ्या.