मोघम आभार नकोत, पोरी

प्रिय पोरी,

प्रभूच्या नावात सलाम.

रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या फाटकापाशी तू बोललीस आणि मी "प्रार्थना करू" म्हणून तुला वाटेला लावलं. ऊन होतं, ऑटोवाला घाई करत होता. सदर भागातून घरी येईस्तोवर स्वतःचाच राग आला. तुझा प्रश्न साधा होता: "काका, रोज रात्री धन्यवाद म्हणते, पण पाठ केल्यासारखं वाटते. परीक्षेचा निकाल असा लागल्यावर कशाचे आभार मानू?"

धीर धर वगैरे सांगत नाही. ते साक्षीच्या वेळी दर आठवड्याला ऐकतेसच. पण तू म्हणतेस तरी काय? "प्रभू, सर्व आशीर्वादांसाठी तुझे आभार." हेच ना? चाळीस वर्षं मीही हेच म्हणालो. आवक-जावक सांभाळणारा कारकून होतो मी. शिक्का मारताना कागद कोणी वाचत नाही, हे मला कोणी शिकवायला नको.

नाव घे. कोणी, काय, कधी. मोघम आभार म्हणजे आभार टाळणं.

माझा दादा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये होता. टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ती गिरणी तू फक्त ऐकली असशील. रात्रपाळीहून यायचा तेव्हा त्याच्या भुवयांवरसुद्धा रुई असायची. माझी कॉलेजची फी त्या रुईतून आली. पावतीवर दोन नावं असायची, एक हिस्लॉप कॉलेजचं, एक माझं. पैसे भरणाऱ्याचं नसायचं. (ज्याच्या नावाचं कॉलेज तो मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना नदीच्या पुरात गेला, हेसुद्धा मला निवृत्तीनंतर कळलं. चार वर्षं त्याच्या नावाच्या फाटकातून सायकल काढली!) रात्री मी गुडघे टेकून सर्व आशीर्वादांसाठी आभार मानायचो आणि दिवसपाळी असली की दादा तिथंच, दोन हातांच्या अंतरावर, दुखरे पाय चोळत पडलेला असायचा. एकदा म्हणाला, "काय पुटपुटून राहिला बे? झोप आता." त्याला ऐकू जाईल असं त्याचं नाव मी कधी प्रार्थनेत घेतलं नाही. १९९४ ला तो गेला. दफनविधीला मी छान बोललो, लोक रडले. तो ऐकत नव्हता.

मनात होतं गं. पहिल्या पगारात त्याला शर्टाचं कापड घेतलं होतं, तेही चांगलं. आणि त्या काळी सख्ख्या भावाला आभार म्हणायची रीत होती का कोणाच्या घरात? आमच्याकडे तरी नव्हती.

लूकच्या सतराव्या अध्यायात येशूनं दहा कुष्ठरोगी बरे केले; आभार मानायला न परतलेल्या नऊ जणांना आपण संडेस्कूलपासून झोडपत आलो. काहून? याजकाकडे जा असं येशूनंच सांगितलं होतं, ते जात होते. आज्ञा मोडली नव्हती. मनातून आभारीही असतील. मला तर ते नऊ घरचे वाटतात. पण मागे वळला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे परका, आणि मोठ्यानं बोलत आला. मोठ्यानं, हे लक्षात घे.

आता तुझा निकाल. त्याचे आभार मान असं मी म्हणणार नाही, आणि कोणी म्हटलं तर ऐकू नको. तक्रार कर, पण तीही नाव घेऊन. बायबलातल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा शेवट काढून वाच. अंजीर फुललं नाही, वेलीला फळ नाही, जैतून बुडालं, शेतात दाणा नाही, वाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरं नाहीत, असं एकेक मोजतो आणि मग म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. आपल्याकडचा असता तर म्हणाला असता, कापूस गेला, तूर गेली, संत्र्याचा आंबिया बहार गळला. "सगळंच वाईट चाललंय" असं त्यानं मोघम म्हटलं नाही. तू तीन वर्षं कुठं कुठं कमी पडलीस, कुठं तुझ्यावर अन्याय झाला, ते सांग देवाला. मार्कांसकट सांग.

मग रोज एक ओळ लिही. "आईबद्दल आभार" असली ओळ मला दाखवायला आणू नको, फाडून टाकीन. "गुडघा दुखत असताना आईनं कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं, मला उठवलं नाही" अशी हवी. देवानं माझ्यासाठी जे केलं ते कोणा ना कोणाच्या हातानं केलं. ते हात बघायला मी फार उशीर केला. लिहिलेलं प्रार्थनेत म्हण, आणि आठवड्यातून एकदा त्या माणसाला तोंडानं सांग. लाजशील. आई म्हणेल, ताप आला का तुला? म्हणू दे.

सुचत नाही म्हणालीस तर रागावेन. कूलर चालू होता ना?

येत्या रविवारी वही आणतो. बँकेची जुनी डायरी आहे, अकरा पानं माझ्या हातची. ती फाडून टाक, वाचू नको. वाचलीसच तर मला सांगू नको.

तुझा,
काका