मनाचे प्रश्न, कामाचे कारण

प्रश्न : मी एका मोठ्या कंपनीच्या लेखा विभागात बरीच वर्षे काम करतो. कामाची मला मनापासून आवड होती आणि वरिष्ठांचा विश्वासही होता. गेल्या वर्षभरापासून मात्र सकाळी उठतानाच थकल्यासारखे वाटते, सुटीच्या दिवशी संध्याकाळ झाली की दुसऱ्या दिवसाच्या विचाराने जीव धास्तावतो आणि पूर्वी चटकन नजरेस पडणाऱ्या चुका आता निसटून जातात. विभागातील एक सहकारी सोडून गेल्यावर त्यांची जागा भरली गेली नाही, आणि आता प्रत्येक देयकाला एकाऐवजी तीन ठिकाणी मंजुरी घ्यावी लागते. पण हे तर सगळीकडेच चालते. कंपनीने ध्यानधारणेचे वर्ग सुरू केले आहेत. मी नियमितपणे जातो, तरी वर्गाबाहेर पडताच सारे पूर्ववत होते. इतर जण निभावून नेतात, मग मीच कमकुवत आहे का? नोकरी सोडावी का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्याचे कारण तुमच्याच पत्रात आहे. भरली न गेलेली जागा आणि वाढलेल्या मंजुऱ्या यांचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे, जणू त्यांचा तुमच्या थकव्याशी संबंधच नसावा. माझ्या मते तुमच्या पत्रातील तेच सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘बर्नआउट’ची व्याख्या दिली, ती आजार म्हणून नव्हे, तर व्यवसायाशी निगडित अवस्था म्हणून. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ टिकलेला आणि नीट हाताळला न गेलेला ताण हे तिचे मूळ मानले आहे, आणि शक्ती संपून गेल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे वाटणे ही तिची तीन अंगे सांगितली आहेत. ताण कोणी हाताळायला हवा होता, हे मात्र व्याख्येत म्हटलेले नाही. ही रिकामी जागा बहुतेक संस्था सोयीने कर्मचाऱ्याचे नाव लिहून भरतात. तुम्हीही तेच केले आहे.

कामाचा बोजा आणि कामाचा ताण यांत फरक आहे. अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार सर्वाधिक ताण येतो तो, मागणी मोठी असून ती कशी व कोणत्या क्रमाने पूर्ण करायची हे ठरवण्याचा अधिकार मात्र तुटपुंजा असलेल्या कामात. भरपूर काम असूनही ते आपल्या पद्धतीने करण्याची मोकळीक असलेली माणसे पुष्कळदा उत्साही राहतात. ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांवर दीर्घकाळ चाललेल्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासातही, ज्यांचे आपल्या कामावरील नियंत्रण कमी होते त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले. तुमच्याबाबतीत वर्षभरात दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या आहेत : जागा रिकामी राहिल्याने मागणी वाढली आणि मंजुऱ्यांमुळे अधिकार घटला. ‘सगळीकडेच चालते’ म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही.

ध्यानधारणेला माझा विरोध नाही. ज्याला तिने शांत वाटते, त्याने ती अवश्य करावी. परंतु ब्रिटनमधील ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या माहितीवर आधारलेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ताणनियोजनाचे वर्ग, मानसिक आरोग्याची ॲप्स यांसारख्या व्यक्तिगत उपक्रमांत भाग घेणारे कर्मचारी भाग न घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुस्थितीत असल्याचे दिसले नाही. हा अभ्यास एका वेळची स्थिती दाखवणारा असल्यामुळे त्यावरून असे वर्ग कुचकामी आहेत असे सिद्ध होत नाही. पण गळके छप्पर दुरुस्त न करता घरातल्यांना छत्र्या वाटण्यासारखे हे आहे, एवढे तरी म्हणता येते.

म्हणून वरिष्ठांशी बोलताना ‘मला ताण येतो’ एवढ्यावर थांबू नका. त्यावर सहानुभूती मिळेल आणि कदाचित आणखी एक वर्ग सुचवला जाईल. आधी दोन आठवडे, कोणते काम कशामुळे अडले आणि किती वेळ अडले, याची साधी नोंद ठेवा. ती समोर ठेवून विचारा : गेलेल्या सहकाऱ्याची कोणती कामे आता कायमची माझी आहेत, कोणती बंद करता येतील, आणि ठरावीक रकमेच्या आतील देयकांना एकच मंजुरी पुरेल का? महिनाअखेरीस तीन कामे एकाच दिवशी येत असतील, तर त्यांतले कोणते मागे ठेवायचे हे वरिष्ठांनी ठरवावे आणि शक्यतो लेखी कळवावे, असा आग्रह धरा. पूर्ण थकलेल्या मनाने नोकरी सोडण्याचा निर्णय घेऊ नये, असे माझे मत आहे; आधी शक्य असेल तर सलग रजा घ्या. मात्र नेमक्या मागण्या नेमकेपणाने मांडूनही काही महिन्यांत काहीच हलले नाही, तर दुसरीकडे काम शोधणे हा पळपुटेपणा नव्हे.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. उदासी किंवा कशातच रस न वाटणे कामापुरते न राहता दिवसाचा बहुतेक वेळ व्यापत असेल, दोन आठवडे किंवा अधिक टिकले असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला हवे. जगणे नकोसे वाटू लागले, तर एक दिवसही थांबू नका, त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि मदत घ्या. रक्तक्षय आणि थायरॉइडचे विकार यांमुळेही असाच थकवा येतो, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घेणे केव्हाही चांगले.

प्रश्न : मी घरून काम करते. कामाची वेळ संपली तरी कार्यालयाच्या ग्रुपवर संदेश येत राहतात. उत्तर दिले नाही तर अपराधी वाटते, दिले तर रात्रभर तेच डोक्यात घोळते. मन बंद कसे करावे?

उत्तर : अपुरे राहिलेले काम मनात पुन्हापुन्हा डोकावते, हा तुमचा स्वभावदोष नाही. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, अपुऱ्या कामासाठी नेमकी योजना आखली, तर ते काम प्रत्यक्षात पूर्ण झालेले नसतानाही त्याचे मनात येणे पुष्कळ कमी होते. त्यामुळे दिवस संपवताना प्रत्येक अर्धवट कामापुढे ‘उद्या सुरुवात कुठून करायची’ हे एका ओळीत लिहा. ‘अहवाल पूर्ण करणे’ असे नव्हे, तर ‘अहवालातील तिसरा तक्ता तपासून पाठवणे’ असे.

संदेशांचा प्रश्न मात्र तुमच्या मनाचा नसून तुमच्या गटाच्या शिस्तीचा आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना, कामाच्या वेळेनंतर डिजिटल संपर्कापासून दूर राहण्याच्या हक्काविषयी कामगार प्रतिनिधींशी बोलणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्याकडे असा कायदा असो वा नसो, गटात एवढे तरी विचारता येते की, खरोखर तातडीचे असेल तर फोन करायचा आणि बाकीच्या संदेशांना सकाळी उत्तर दिले तर चालेल, असे ठरवू या का? बरेचदा रात्री संदेश पाठवणाऱ्याला तत्काळ उत्तराची अपेक्षाच नसते, फक्त ते कोणी बोलून दाखवलेले नसते.

प्रश्न : मी नऊ जणांच्या गटाचा प्रमुख आहे. गटातील एक तरुण सहकारी हल्ली बैठकांत बोलत नाही आणि जेवायलाही एकटाच बसतो. त्याच्या खासगी आयुष्यात डोकावणे बरे दिसेल का?

उत्तर : डोकावू नका, विचारा. एकांतात, दारे बंद करून नव्हे तर सहज, जे दिसले तेवढेच सांगा : ‘गेले काही दिवस तुम्ही बैठकीत बोलत नाही हे लक्षात आले. कामात काही अडचण आहे का?’ निदान करणे किंवा उपदेश देणे हे तुमचे काम नाही. ‘काही नाही’ असे उत्तर आले तर ते मान्य करा आणि काही दिवसांनी पुन्हा विचारा.

त्याच वेळी आपल्या बैठका कशा चालतात हेही तपासून पाहा. अमेरिकी अभ्यासक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या गटांतून चुकांची नोंद कमी येण्याऐवजी अधिक आली. त्याचे स्पष्टीकरण असे की, तिथे चूक सांगण्याची भीती कमी होती. तुमच्या गटात मागच्या वेळी कोणी चूक सांगितली, तेव्हा तुमचे पहिले वाक्य काय होते, ते आठवून पाहा. त्या तरुणाच्या गप्प राहण्याचे कारण घरी असेलही, पण त्याची चौकशी करण्याआधी हे तपासणे तुमच्या हातात आहे, आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.