फ्रान्समध्ये नदीकाठच्या छोट्या गावात चार दिवस राहायचं, तर कुठे?

आई-वडिलांना घेऊन येताय, पॅरिसनंतर चार दिवस नदीकाठच्या एखाद्या लहान गावात काढायचेत, घरचे शाकाहारी आहेत आणि गावात कंटाळा तर येणार नाही ना, असं तुम्ही विचारलंय. मी सहा वर्षं नैऋत्य फ्रान्समधल्या बोर्दो शहरात राहते. माझ्या मते दोर्दोन्य नदीवरच्या ला रोक-गाजाकला जा. पण दुपारी उतरून फोटो काढून निघू नका, तिथे मुक्काम करा.

गाव जेमतेम चारशे वस्तीचं. पाठीशी पिवळसर चुनखडीचा उभा कडा, समोर नदी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत एक रस्ता आणि एकावर एक चढत गेलेली दगडी घरं. कड्याचं तोंड दक्षिणेला आहे. तो दिवसभर तापतो आणि रात्री ती ऊब हळूहळू सोडतो. त्यामुळे चर्चकडे जाणाऱ्या वाटेवर चक्क केळी, बांबू आणि ताडाच्या जातीची झाडं वाढली आहेत. पहिल्यांदा तिथे केळीचं पान दिसलं तेव्हा मला आजोळची परसबाग आठवली आणि मी बराच वेळ तिथून हलले नाही.

हाच कडा कोसळतोही. 1957 च्या जानेवारीत त्याचा मोठा भाग घरांवर आला आणि तीन माणसं गेली. कड्याच्या पोटात, उंचावर, जुन्या काळी लोक शत्रूपासून लपायचे ती गढी आहे. दगड सुटण्याच्या भीतीने ती कधी कधी बंद ठेवतात, म्हणून आधी चौकशी करा. आईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना वर नेऊ नका. खालच्या रस्त्याकाठी बसूनही गाव पुरेपूर दिसतं.

गाव जगलं ते नदीवर. सपाट तळाच्या मालवाहू होड्या इथे लागायच्या, त्यांना गाबार म्हणतात. आपल्याकडच्या पडावांची आठवण यावी अशाच. लाकूड, दारू, पिंपं घेऊन त्या बोर्दोकडे जायच्या. नदीच्या वरच्या भागातून आलेल्या होड्या तर मुक्कामी पोचल्यावर मोडून लाकूड म्हणून विकत, कारण प्रवाहाविरुद्ध परत आणणं परवडायचं नाही. मग रेल्वे आली आणि हा व्यापार संपला. आता तशाच घडणीच्या होड्यांतून पर्यटकांना साधारण तासाभराची फेरी मारून आणतात. सकाळची पहिली फेरी घ्या.

एक घर मुद्दाम बघा, गोल बुरुजाचं तार्द घराण्याचं. झाँ तार्द नावाचा धर्मगुरू याच गावचा. तो 1614 मध्ये इटलीत गॅलिलिओला भेटून आला आणि पुढे सूर्यावरचे डाग म्हणजे छोटे ग्रहच आहेत असं त्याने ठामपणे मांडलं. ते चुकलं, पण एवढ्याशा गावातला माणूस दुर्बिणीतून सूर्याकडे बघत होता, याचंच मला फार अप्रूप वाटतं.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. संध्याकाळी बस गेल्या की गाव पुन्हा गावकऱ्यांचं होतं. दिवे लागतात, पाण्यात कडा उलटा दिसतो, बदकं काठाला येतात. त्या दोन तासांसाठीच मुक्काम करायचा. मे किंवा सप्टेंबर उत्तम. हिवाळ्यात बहुतेक खाणावळी बंद असतात.

आसपास बघायला भरपूर आहे. शंभर वर्षांच्या युद्धात बेनाकचा किल्ला फ्रेंचांकडे आणि पलीकडच्या काठावरचा कास्तेलनो बराच काळ इंग्रजांकडे होता. आजही ते नदीवरून एकमेकांकडे बघत उभे आहेत. समोरच्या टेकडीवर दॉम हे जुनं गाव आहे, तिथून अख्खं खोरं दिसतं. प्रसिद्ध गायिका-नर्तकी जोसेफिन बेकर जिथे दत्तक घेतलेल्या बारा मुलांसह राहिली, तो मिलांदचा वाडाही जवळच. दोनच ठिकाणं निवडायची असतील तर कास्तेलनो आणि दॉम.

जेवणाचं मात्र आधीच सांगते. हा बदकांचा मुलूख आहे. जवळच्या सार्ला गावाचे म्हणून मिळणारे लसूण घातलेले बटाटे निरुपद्रवी दिसतात, पण ते बदकाच्या किंवा हंसाच्या चरबीत परततात. विचारल्याशिवाय मागवू नका. त्यापेक्षा सार्लाच्या बुधवार-शनिवारच्या बाजारातून बकरीच्या दुधाचं चीज, अक्रोडाचा पाव, स्ट्रॉबेरी आणि अक्रोडाचं तेल आणा आणि स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या.

बोर्दोहून सार्लापर्यंत रेल्वे आहे. पुढचे दहा-बारा किलोमीटर टॅक्सीने. ती आदल्या दिवशीच सांगून ठेवा. एका रविवारी मी ऐनवेळी शोधत राहिले आणि दोन तास स्टेशनवर बसून होते.