सह्याद्रीत रॅपलिंग (दोराने कडा उतरणं) केलंय, तेवढ्यावर अमेरिकेत युटातल्या झायन नॅशनल पार्कच्या अरुंद घळींत ग्रुपने उतरता येईल का?

दोर हाताळता येतो ही जमेची बाजू, पण तेवढ्यावर जाऊ नका. सांदण दरी आणखी अरुंद करा, इतकी की पाठ एका भिंतीला आणि पाय दुसरीला टेकतील, साधारण तसं. एकदा खाली उतरून दोर वरून खाली ओढून घेतला की मागे फिरायची वाट बंद. म्हणून ओढण्याआधी, शेवटचा माणूस वर असतानाच, दोर सुटतोय का ते खालून ओढून बघा.

वाळवंट असलं तरी तळाला ऊन पोचत नाही. डबक्यांतलं पाणी भर उन्हाळ्यातही हाडं गोठवतं, तेव्हा वेटसूट (थंड पाण्यात अंग उबदार ठेवणारा रबरी पोशाख) हवाच. फोन ओला होणार हे धरूनच चाला.

खरी भीती पुराची. जुलै ते सप्टेंबर तिकडेही मान्सून असतो, आणि डोक्यावर निळं आकाश असताना कित्येक मैलांवरचा पाऊस घळीत शिरतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायनच्याच कीहोल कॅन्यनमध्ये सात जणांचा अख्खा गट असा गेला. परमिट लागतं, पण ते हातात आहे म्हणजे हवामान ठीक आहे असं नाही. त्या दिवशी सकाळी अंदाज बघा; शंका आली तर सरळ रद्द करा, ग्रुपमधलं कुणी कितीही रुसलं तरी.