इंग्लंडला येण्याआधी बाबांचं घर नावावर करून घ्यावं का?

बाबा कोथरूडचा फ्लॅट बक्षीसपत्राने तुमच्या नावावर करणार आहेत, म्हणजे लंडनला निर्धास्त जाता येईल, असं तुम्ही लिहिलंय. कळकळीने सांगतो, एवढ्यात हे करू नका.

महाराष्ट्रात मुलाला किंवा मुलीला राहतं घर बक्षीस देताना मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये (स्थानिक अधिभार वेगळा). म्हणून जो तो हाच सल्ला देतो. पण इंग्लंडमध्ये घर घेताना, जगात कुठेही तुमच्या मालकीचं घर आहे का, हे बघतात. बक्षीस मिळालेलं, वारशाने आलेलं, सगळं धरतात. समजा इथे ४ लाख पौंडांचं घर घेतलंत. आयुष्यातलं पहिलंच असेल, तर स्टॅम्प ड्युटी ५,००० पौंड. कोथरूडचा फ्लॅट नावावर असेल, तर पहिल्या घराची सवलत जाते, वर ५ टक्के अधिभार बसतो आणि भरायचे होतात ३०,००० पौंड! फ्लॅट जोडीदाराच्या नावावर ठेवूनही अधिभार चुकत नाही; त्यासाठी नवरा-बायको एकच मानतात.

शिवाय बक्षीसपत्र सहजी फिरवता येत नाही. उतारवयात आई-बाबांचं छप्पर त्यांच्याच मालकीचं असावं, असं मला मनापासून वाटतं. बाबांना मृत्युपत्र करायला सांगा आणि ते नोंदवून घ्या. सोसायटीत नॉमिनी लावलाय म्हणून थांबू नका. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे.

मदत करायचीच असेल, तर त्यांनी डिपॉझिटसाठी, म्हणजे घर घेताना कर्जाशिवाय स्वतः भरायच्या रकमेसाठी, पैसे द्यावेत. इथले आई-वडीलही तेच करतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे प्रत्येकाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. कर्ज देणारी बँक लेखी मागते की ही भेट आहे, परत घ्यायची नाही आणि घरावर हक्क सांगणार नाही. पैसा कुठून आला त्याचे कागद आधीच जमवा.

भारतात इस्टेट ड्युटी १९८५ साली गेली, त्यामुळे वारसाकराचा विचार आपल्या डोक्यात येत नाही. इथे ३,२५,००० पौंडांच्या वर ४० टक्के लागतो. घर मुलांना जात असेल तर आणखी १,७५,००० पर्यंत सूट. एप्रिल २०२५ पासून, मागच्या २० वर्षांपैकी १० वर्षं इथे राहिलेल्यांची भारतातली मालमत्ताही त्यात येऊ शकते. असा कर दोनदा लागू नये म्हणून झालेला १९५६ चा भारत-ब्रिटन करार काहींच्या कामी येतो, पण तो तुम्हाला लागू होईलच असं धरून चालू नका. दोन्हीकडचं जाणणाऱ्या वकिलाला विचारा.